जुना एएम४ पीसी, नवा प्रोसेसर: सात महिन्यांनंतर

मशीन असं: रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड (प्रोसेसर बसवायचं सॉकेट एएम४, म्हणजे एएमडीचं जुनं), डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि १०८०पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. यातला फक्त प्रोसेसर काढून रायझन ७ ५७००एक्स३डी बसवला. सात महिने वापरल्यावर मत पक्कं आहे: पूर्ण पीसी बदलायची गरज नव्हती. एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं म्हणजे बोर्ड नवा आणि रॅमही डीडीआर५. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जसे कडाडले, ते पाहता हातातली डीडीआर४ वाचली यातच निम्मा फायदा.

पण पैसे घालवण्याआधी पीसी अडतोय कुठे ते बघा. आफ्टरबर्नर या प्रोग्राममधून गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर स्क्रीनवर दाखवा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल, आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) किंवा एफपीएसची, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेमची, मर्यादा लावलेली नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसलंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी करा. तरीही एफपीएस वाढला नाही तर निकाल लागला: अडथळा प्रोसेसरच. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या एकूण टक्क्यावर जाऊ नका. १२ थ्रेडपैकी (प्रोसेसरच्या कामाच्या रांगांपैकी) एकच थ्रेड पूर्ण भरला तरी गेम अडतो, आणि एकूण आकडा मात्र निवांत ४० दाखवतो.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेगही बघा. तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) बंद आहे; बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन ते चालू करणं फुकटात होतं. रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी लावल्यावर पुन्हा मोजा, मगच प्रोसेसरचं बघा.

२६०० का अडतो? २०१८ च्या या चिपमध्ये सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि एल३ कॅशेही (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ८-८ एमबी अशी वाटलेली. एका गटाला दुसऱ्याकडचा डेटा हवा असला की वेळ जातो, आणि गर्दीच्या दृश्यात झटके बसतात. ५७००एक्स३डी मध्ये आठही कोर एकाच गटात आणि सगळ्यांना मिळून ९६ एमबी कॅशे. त्यामुळे खरा फरक सरासरी एफपीएसपेक्षा १ टक्का लो मध्ये, म्हणजे सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमच्या वेगात, जाणवतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि गोळीबार एकत्र आला की जो अडखळा यायचा, तो गेला. सायबरपंक २०७७ मध्ये क्राउड डेन्सिटी कमी ठेवावी लागत होती, ती आता हायवर चालते. मात्र रे ट्रेसिंग लावलं की ३०६० च दमते, तिथे प्रोसेसर काय करणार!

बदलताना घाई नडते ती बायोसमध्ये. जुना प्रोसेसर सॉकेटमध्ये असतानाच बायोस अपडेट करा. बोर्डाच्या पानावरच्या प्रोसेसर यादीत ५७००एक्स३डी समोर जी आवृत्ती दिली आहे ती किंवा त्यापुढची घ्या. काही बोर्डांना आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, तेव्हा सूचना शेवटपर्यंत वाचा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. लाइटचा भरवसा नसेल तर हे काम यूपीएसवरच करा, मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

बिटलॉकर किंवा विंडोजचं डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नवा प्रोसेसर लावल्यावर पहिल्याच स्क्रीनवर एफटीपीएम (या कुलपाची किल्ली सांभाळणारा सुरक्षा भाग) रीसेट करायचं का असं विचारलं जातं. तिथे वाय दाबलं आणि की जवळ नसली, तर ड्राइव्ह उघडणार नाही. अपडेटनंतर एक्सएमपी आणि पंख्यांचे वेग मूळपदावर जातात, तेही पुन्हा लावा.

कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ मध्ये कूलरखालच्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून चिप गरम करा, पीसी बंद करून वीज काढा आणि मग कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा.

तक्रारीही आहेत. बॉक्समध्ये कूलर येत नाही, आणि २६०० सोबतचा छोटा कूलर इथे पुरत नाही. कॅशेचा जादा थर चिपच्या डोक्यावर असल्याने उष्णता बाहेर पडायला जड जाते. कमाल मर्यादाही ९० अंशांचीच. चार हीटपाइपचा, १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर असेल तर केसची पुढची जाळी पुसलेली असणं कूलरच्या ब्रँडपेक्षा जास्त महत्त्वाचं. घड्याळ, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ४.१ गिगाहर्ट्झलाच थांबतं आणि तो वाढवायचा मल्टिप्लायर कुलूपबंद आहे, म्हणून मुख्य काम व्हिडिओ एडिटिंगचं असेल तर साधा ५७००एक्स बरा.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर नसेल, ६० वरच खेळायचं असेल, तर ५७००एक्स३डी वर पैसे घालू नका. रायझन ५ ५६०० पुरतो, ६५ वॉटचा आहे आणि कूलरसह मिळतो. ए३२० च्या स्वस्त बोर्डावर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला) हीटसिंक नसेल तर तिथेही ५६०० च लावा.

राहता राहिली १६ जीबी रॅम. ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडे ठेवून नवे गेम चालवले की ती काठोकाठ भरते. पुढचा खर्च तिथे, आणि तोही चार स्टिक न करता १६-१६ च्या जोडीनेच, कारण चार स्टिकवर ३२०० चा वेग टिकेलच असं नाही.