जुन्या कुणबी लुगड्याची माळ: कापड झकास, कडी फसवी

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ३५० रुपयांना मिळालेली ही माळ. वरून जुन्या कुणबी लुगड्याचं (गोव्यातल्या कुणबी बायकांच्या चौकड्याच्या साडीचं) तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, आत १२ मिमीचे लाकडी मणी. चौकडा बारीक निवडला आहे, हे चांगलं; मोठा चौकडा एवढ्याशा मण्यावर दिसतच नाही.

मण्यांचं काम खरंच सुबक. प्रत्येक मण्याला साधारण ४० मिमी व्यासाचा गोल कापून, कडेने धावदोरा घालून तो भोकाशी आवळलाय. गोल याहून लहान घेतला तर तोंड मिटत नाही, मोठा घेतला तर चुण्यांचा गठ्ठा होतो. इथे चुण्या सारख्या, गाठ आत दडलेली. कापडही तपासलेलं दिसतं: दोन अंगठ्यांत ताणलं तरी विरत नाही. विरलेल्या लुगड्याला आतून मलमल लावावीच लागते.

रंगात मात्र घाई झालीय. ओला पांढरा रुमाल घासला तर गुलाबी होतो, म्हणजे घामाने पांढरा ब्लाऊज गेलाच. कापड कापण्याआधी पाणी नितळ येईपर्यंत धुवायला हवं होतं.

मधलं पदक जुन्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवलंय. गोव्याच्या पावसात तो गोंद मऊ पडतो, पुठ्ठा फुगतो, वर बुरशी. त्याऐवजी जुन्या जीन्सचे दोन थर शिवले असते तर? कडी लोखंडी, पॉलिश केलेली. आषाढात गंजून मानेवर डाग पाडणार. करवंटीचं बटण आणि दोऱ्याचा फासा लावून घ्या, दहा मिनिटांचं काम. माळ प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.