भाडेकरूसह फ्लॅट विकत घेताय? इसार देण्याआधी हे वाचा

माझ्या बायकोच्या नावावर घरपट्टीचं 41,850 रुपयांचं बिल आलंय. वार्षिक भाडं 1,86,000 धरलं, दुरुस्तीचे 10 टक्के वजा केले आणि उरलेल्या 1,67,400 वर कर लावला. आकडेमोड बरोबर आहे. पण हे 1,86,000 रुपये आम्हाला मिळाले नाहीत आणि मिळणारही नव्हते. ते भाडं खोटं होतं आणि तो भाडेकरूही खोटा होता. फ्लॅट चढ्या भावानं गळ्यात मारायला उभा केलेला माणूस तो. माणूस पसार झाला, त्याच्या भाड्यावरचा कर तेवढा आमच्या मागं राहिला.

अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचे यंत्रमाग होते. टॉवेल काढायचो. सुताचे भाव, विजेचं बिल, कामगारांची टंचाई, हे सोलापूरकरांना मी काय सांगणार? माग भंगारात गेले, शेडची जागा विकली. पोरगा पुण्यात, तो काही इकडं परत येत नाही. आलेल्या पैशातून दर महिन्याला काहीतरी हातात यावं, एवढीच अपेक्षा होती. झटपट दुप्पट करायला मी गेलो नव्हतो. चिटफंडवाल्याच्या दारात आयुष्यात कधी उभा राहिलो नाही. चार भिंतींचं, खरेदीखताचं, सरकारी नोंदणीचं घर घेतलं. त्यात कुणाला काय वावगं दिसणार होतं?

एजंट ओळखीतून आलेला. ‘भाडेकरूसह फ्लॅट विकणे आहे’ ही जाहिरात त्यानंच मोबाइलवर दाखवली. जुळे सोलापुरात टू बीएचके, भाडं 15,500, भाडेकरू कंपनीतला अधिकारी. म्हणाला, “मालक, रिकामा फ्लॅट घेऊन माणसं शोधत बसता कशाला? पहिल्या महिन्यापासून भाडं चालू की.” विकणारा पुण्यात नोकरीला असल्याचं सांगत होता, बोलायला अतिशय नम्र, प्रत्येक वाक्याला ‘काका’. किंमत 36,60,000. भाडेकरूची 60,000 अनामत त्याच्याकडं होती, ती वजा करून 36,00,000. वर्षाचं भाडं भागिले किंमत केलं तर पाच टक्क्यांच्या वर जातं. सोलापुरात घरभाड्यातून एवढं सुटत नाही, हे मला माहीत होतं. मी विचारलंही. उत्तर तयार होतं: “कंपनी भरते हो काका, त्याच्या खिशातून थोडंच जातंय?”

त्याच इमारतीत, त्याच मापाचा फ्लॅट आमच्या आधी काही महिने 29,25,000 ला गेला होता. हे मला खरेदीनंतर कळलं, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, काढल्यावर. म्हणजे 6,75,000 रुपये जास्त मोजले, ते निव्वळ त्या भाड्याकडं बघून. शेजारचे व्यवहार कितीला झाले ते आधी बघा. इंडेक्स टू, म्हणजेच सूची क्रमांक दोन, कुणालाही मिळते, त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.

आता तो दिवस. रोज रात्री आठवतो मला.

आम्ही दोघं फ्लॅट बघायला गेलो. भाडेकरू घरात होता. हॉलमध्ये सोफा, टीव्ही, भिंतीवर कॅलेंडर, दाराशी चपला. बायको स्वयंपाकघरात गेली. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बोअर असलं तरी प्यायला नळाचंच भरून ठेवतात. ज्या घरात माणसं राहतात त्या घरात हंडे, घागरी, पिंप, बॅरल, काही ना काही भरलेलं असतंच. बंगला असो की झोपडी, यातून कुणी सुटलेलं नाही. त्या स्वयंपाकघरात पाणी साठवायचं एक भांडं नव्हतं. ओट्यावर वीस लिटरचा एक जार, त्याचंही सील तोडलेलं नव्हतं. बायकोनं जिन्यातच मला सांगितलं, “या घरात कुणी स्वयंपाक करत नाही.” मी एजंटला विचारलं, तर म्हणाला, “साहेबांची फॅमिली माहेरी गेलीय, ते जारचंच पितात.” आणि लगेच, “संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे, मालक.”

तिथंच पाय मागं घ्यायला पाहिजे होता. दार समोर होतं, जिना उतरून निघून आलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण समोर माणूस बसलेला, तो सोफा, तो टीव्ही, त्याच्या हातात चहाचा कप. एवढं सगळं नाटक कुणी रचत असेल असं कुणाच्या डोक्यात येईल? तुमच्या आलं असतं का? जो तो नंतर शहाणपण शिकवतो.

वीजबिल मागा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. फ्रिज, टीव्ही, पंखे चालणाऱ्या घराचे युनिट किती पडतात ते प्रत्येकाला कळतं. आम्ही ते बिल पाहिलं ते मीटर नावावर करताना. सगळे महिने रिकाम्या घराचे आकडे. फक्त शेवटचे थोडे वाढलेले.

कागद दाखवले ते असे. भाडेकरार 500 रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला, अकरा महिन्यांचा. नोंदणीचा दस्त क्रमांक नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड. घरोघर नोटरीचे करार चालतात म्हणून आपण ते खरे धरतो. ती नोटरीची मोहोर भाडेकरू अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

दुसरा कागद घरपट्टीची पावती, मोबाइलवर पीडीएफ. थकबाकी शून्य. मात्र वापर ‘स्वतः मालक’ असा. मी विचारलं, भाडेकरू आहे तर नोंद का नाही? विकणारा हसला नाही, लाजलाही नाही. म्हणाला, “काका, भाडेकरू दाखवला की कर कितीतरी पटीनं चढतो. सर्वेक्षणवाले आले की भाडेकरूच सांगतो, मालक माझे मामा आहेत. सगळेच असं करतात.” आणि हे खरं आहे! आमच्या गल्लीत हेच चालतं, तुमच्याही चालत असेल. म्हणून मला ते पटलं.

इथंच या सगळ्या फसवणुकीचं मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. घरमालक स्वतः राहत असेल तर एक कर. भाड्यानं दिलं की प्रत्यक्ष भाडं धरून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर लावतात ती रक्कम, काढतात आणि बिल फुगतं. प्रामाणिकपणे भाडेकरू दाखवणाऱ्याला भुर्दंड, लपवणाऱ्याला सूट. मग मालक भाडेकरू लपवतात, करार नोंदवत नाहीत, पोलिसांकडं माहिती देत नाहीत, भाडं रोखीनं घेतात. जो दाखवतो तो वाढीव कर भाड्यात टाकतो आणि आठ-नऊ हजार भाडं परवडणारा नोकरदार दुसरं घर बघतो. परिणाम असा की खऱ्या भाडेकरूचाही कुठल्याच दप्तरात मागमूस नसतो. मग खोटा भाडेकरू ओळखायचा कशावरून? खऱ्याकडं जे कागद नसतात तेच खोट्याकडंही नव्हते. विकणाऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं. करचुकवेगिरीच्या आडोशाला त्यानं दरोडा घातला.

खरेदीखत बायकोच्या नावानं केलं, महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून. मुद्रांक 1,80,000, नोंदणी फी 30,000, एजंटचे 36,000. खरेदीखतात त्यांच्या वकिलानं एक परिच्छेद घातला: सदर फ्लॅट दरमहा रुपये 15,500 भाड्यानं दिलेला असून भाडेकरूच्या अनामतीची जबाबदारी खरेदीदाराची राहील. एजंट म्हणाला, “तुमच्याच सोयीसाठी आहे, उद्या भाडेकरू नाही म्हणायला नको.” तुमच्या खरेदीखताचा मसुदा विकणाऱ्याच्या वकिलाकडून करून घेऊ नका. स्वतःचा वकील लावा. त्याची फी वाचवायला जाल तर असे परिच्छेद येतात.

भाडं आलं. वेळेवर, ऑनलाइन, तीन महिने. 46,500 रुपये. आता कळतं, ते आमचेच पैसे फिरून येत होते. मग साहेबांची बदली झाली. सामान एका टेम्पोत मावलं. करार आणि खरेदीखत दाखवून 60,000 अनामत मागितली, मी दिली. न देऊन करतो काय? लिहून दिलेलं होतं. त्यानंतर त्याचा फोन बंद, एजंट “बघतो की मालक” म्हणत राहिला, विकणाऱ्यानं नंबर बदलला.

नवीन भाडेकरू शोधायला लागल्यावर खरा भाव कळला. 8,000. शेवटी तेवढ्यालाच दिला, या वेळी नोंदणीकृत करार करून.

घरपट्टीवर नाव लावायला महापालिकेत गेलो तर थकबाकी निघाली. पाच वर्षांची, मूळ कर 31,060 आणि शास्ती, म्हणजे दंड, 21,118, एकूण 52,178. मग ती शून्य थकबाकीची पावती? त्यावरचा मिळकत क्रमांक शेजारच्या फ्लॅटचा होता, नाव तेवढं बदललेलं. दरमहा दोन टक्क्यांनी शास्ती चढत असते आणि कराची थकबाकी हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. कर मागच्या मालकानं बुडवलेला असला तरी वसुली मिळकतीवरूनच होणार. पीडीएफवर, छापील पावतीवर, कशावरही विश्वास ठेवू नका. मिळकत क्रमांक स्वतः टाकून थकबाकी बघा आणि थकबाकी नसल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय खरेदीखताला उभे राहू नका.

52,178 भरले. त्यानंतर नवीन आकारणी झाली. नाव लावायला जोडलेल्या खरेदीखतात भाडं लिहिलेलंच होतं, तेच त्यांनी धरलं. हरकतीची नोटीस रिकाम्या फ्लॅटच्या दारावर चिकटवून गेले. आम्ही राहतो दुसरीकडं, हा पत्ता अर्जात दिलेला असताना! मुदत गेली. मी कागदांची फाइल घेऊन गेलो, म्हटलं भाडेकरू खोटा होता. टेबलावरचा माणूस वर न बघता म्हणाला, “तुम्हीच खरेदीखतात लिहिलंय की.” मग आत्ता 8,000 भाडं आहे, नोंदणीकृत करार हा बघा. “तो पुढच्या आकारणीला.” मधले महिने फ्लॅट रिकामा होता, त्याची सवलत? “रिकामा असल्याचं लेखी कळवलं होतं का?” साहेब बैठकीला. साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर फाइल दुसऱ्या टेबलावर. न्यायालयात अपील करता येतं, पण आधी वादातली रक्कम भरायची आणि मग भांडायचं. पाच वर्षं एक रुपया न भरणाऱ्या मालकाच्या दारात महापालिकेचं कुणी गेलं नव्हतं. आम्ही सगळे पैसे भरून, नाव लावायला आपल्या पायांनी गेलो, तर आम्हालाच 41,850. पाच महिन्यांच्या भाड्याहून जास्त!

पोलीस ठाण्यात पहिलंच वाक्य: “हा दिवाणी वाद आहे.” बनावट पावती दाखवली, तर म्हणाले कर खात्यानं तक्रार करायला पाहिजे. कर खातं म्हणतं, फसवणूक तुमची झाली, तुम्ही करा. भाडेकरूचं आधार कार्ड दिलं, तर विचारतात, त्यानं तुम्हाला काय फसवलं, भाडं तर दिलं ना? दुय्यम निबंधक कार्यालयात सांगितलं, आम्ही दस्त नोंदवतो, त्यातला मजकूर खरा आहे की खोटा ते बघत नाही. ज्या सरकारनं माझ्याकडून मुद्रांक आणि नोंदणीचे 2,10,000 घेतले, त्याच्या एकाही खिडकीवर माझी तक्रार बसत नाही. साठीच्या माणसाला बाकड्यावर बसवून ठेवायचं आणि जेवणाची सुट्टी झाली सांगायचं, एवढंच सगळीकडं सारखं होतं.

शेवटी वकिलानं अर्ज लिहून दिला. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) फसवणुकीचं आणि 340(2) बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचं. ठाण्यात गुन्हा घेत नाहीत म्हटल्यावर तोच अर्ज टपालानं वरिष्ठांना पाठवला, आता प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं आहे. ‘दिवाणी आहे’ ऐकून घरी जाऊ नका. लेखी द्या, पोहोच घ्या.

किमतीतला फरक 6,75,000, अनामत 60,000, थकबाकी 52,178, हे बिल 41,850. मिळालेले 46,500 वजा करून 7,82,528. वकील यात धरलेला नाही. शेडच्या जागेचे पैसे होते ते, माझ्या वडिलांनी घेतलेल्या जागेचे.

भाडेकरूसह घर घ्यायचंच असेल तर भाडेकरूला एकट्याला गाठा, एजंट नसताना, न सांगता, संध्याकाळी. शेजाऱ्यांना विचारा. आमच्या शेजारच्या बाई नंतर म्हणाल्या, तिथं तर कुणी राहतच नव्हतं, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल. बँकेच्या खात्यात मागच्या वर्षभराचं भाडं जमा झालेलं दाखवायला सांगा. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती दिल्याची पोहोच मागा. अनामत विकणाऱ्याकडून तुमच्या खात्यात वेगळी घ्या, किमतीत वळती करून देऊ नका. आणि घरातली बाई काही सांगत असेल तर त्या दिवशी इसार देऊ नका.

तीच जाहिरात आता विजापूर रोडवरच्या एका फ्लॅटची फिरतेय. मजकूर जवळजवळ तोच, ‘कंपनी भाडेकरू’, नंबर दुसरा. एकट्या माझ्या तक्रारीला दिवाणी म्हणून बाजूला सारता येतं, तशाच दोन-चार आल्या तर सारता येणार नाही. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागात कुणी असा भाडेकरूसह फ्लॅट घेतला असेल आणि भाडेकरू थोड्याच महिन्यांत निघून गेला असेल, तर आधी पावतीवरचा मिळकत क्रमांक तपासा. क्रमांक दुसऱ्याच घराचा निघाला तर लाजू नका, ठाण्यात लेखी तक्रार द्या.