जुन्या बोर्डावर आळ घालून मला गंडवलं, त्याची गोष्ट

विट्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका. दुकानातला मुख्य कॉम्प्युटर २०१० साली घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी-४१ चिपसेटचा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड), विंडोज ७. कुणी बघितलं की हसतं. पण माझी सगळी जुनी कामं पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या अक्षरांत आहेत, आणि त्या अक्षरांचं डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) याच मशीनला ओळखतं. नव्या मशीनवर त्या फायली उघडल्या की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. म्हणून हे मशीन मी जपतो, इंटरनेटलाही जोडत नाही.

२०२४ च्या दिवाळीत हार्डडिस्क टकटक करायला लागली. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची झुंबड उडते, तेव्हा बंद पडलं तर गिऱ्हाईक दारात उभं करणार नाही. सांगलीतल्या एका दुकानात मशीन घेऊन गेलो. दुकानदार तरुण, बोलायला गोड. "काका, हार्डडिस्क कशाला घेता आता? एसएसडी टाका. १ टीबी, ३२०० रुपये, जसंच्या तसं क्लोन करून देतो. मशीन पळायला लागेल." एसएसडी म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, आणि क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. बाकी दोन ठिकाणी फोन केला होता. नावाजलेल्या कंपनीची १ टीबी पाच हजारांच्या पुढे सांगत होते. इथे १८०० रुपये वाचत होते. इथेच मी फसलो, पुढचं सगळं त्यातून निघालं.

त्याने समोर बसवून दाखवलं. कॉम्प्युटर सुरू झाला तो खरोखर चाळीस सेकंदांत. डिस्क ९३१ जीबी दिसत होती. "१ टीबी म्हणजे ९३१च दिसतात काका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने," हेही त्याने न विचारता सांगितलं. ते खरंच आहे, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर पडेल. मी कच्च्या पावतीवर समाधान मानलं. तीवर लिहिलं होतं 'एसएसडी १ टीबी, १ वर्ष'. ना कंपनीचं नाव, ना सिरियल नंबर.

निघताना तो म्हणाला, "जुनी हार्डडिस्क राहू द्या इथे, बादच आहे." माझा स्वभाव चिकट. चालत नसली तरी माझी आहे, म्हणून पिशवीत टाकून घरी आणली. हा चिकटपणाच पुढे कामी आला.

तीन आठवडे मशीन मस्त चाललं. मग एका शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं काम आलं. त्यांचे फोटो, शिवाय माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडींवरची कामं, असं सगळं मी डी ड्राइव्हमध्ये उतरवलं. जागा भरपूर, चिंता नव्हती. दुसऱ्या दिवशी एक पत्रिका सेव्ह करताना पडदा निळा झाला. परत चालू केलं तर विंडोज डिस्क तपासायला बसलं, हजारो ओळी धावल्या, मग सुरू झालं. संध्याकाळी पुन्हा तेच. आठवड्याभरात फॉन्ट गायब व्हायला लागले. एक पत्रिका उघडली तर नवरदेवाच्या नावापर्यंत मजकूर ठीक, पुढे 'चि. सौ. कां.' नंतर नुसता कचरा.

मशीन घेऊन पुन्हा सांगली. विट्याहून ते धूड एसटीत मांडीवर घेऊन जायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. दुकानदाराने पाच मिनिटं बघितलं आणि निदान केलं, "रॅम गेलीय." रॅम बदलली, ९०० रुपये. चार दिवसांनी पुन्हा निळा पडदा. "एसएमपीएस लोड घेत नाही, नव्या एसएसडीला पॉवर पुरत नाही." एसएमपीएस म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, तो बदलला, ११०० रुपये. आठ दिवसांनी तिसरी फेरी. या वेळी तो जरा सहानुभूतीने बोलला. "काका, खरं सांगू? एसएसडी नवीन आहे, तुमचा बोर्ड जुना. एसएसडी सॅटा थ्रीची, बोर्ड सॅटा टूचा. यात एएचसीआय पण नाही. क्रॅश होणारच. बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून १८ हजारांत करून देतो, जुन्या डब्याचे ५०० वजा करतो."

सॅटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत आणि एएचसीआय म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची नवी पद्धत, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मान डोलावली. मला पटलं होतं. चौदा वर्षांचं मशीन, दोष त्याचाच असणार. जुनी वस्तू वापरणाऱ्याला आधीच थोडी लाज असते, आणि या धंद्यातले लोक त्या लाजेवरच हात ठेवतात. १८ हजारांची जुळवाजुळव करतो म्हणून घरी आलो.

त्या रविवारी भाची आली होती. ती पुण्यात कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. तिला सहज सांगितलं तर म्हणाली, "मामा, बोर्ड जुना असला तर एसएसडी हळू चालते, खोटं बोलत नाही."

तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण हीच तीन कारणं तुम्हालाही ऐकवली जातील. सॅटाची नवी पिढी जुन्या पिढीशी बोलते, दोघं मिळून कमी वेग ठरवतात. ६ गिगाबिटचं सॅटा २००९ मध्ये आलं, माझ्या बोर्डात आधीचं ३ गिगाबिटचं आहे. मग सेकंदाला पाचशे एमबीऐवजी अडीचशेच्या आसपास मिळतील, एवढंच. जुन्या हार्डडिस्कच्या मानाने तेही पुष्कळ. एएचसीआय माझ्या बोर्डात नाही हे खरं, डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीने चालते. त्यानेही फक्त वेग थोडा घटतो. आणि पॉवरचं म्हणाल तर एसएसडी हार्डडिस्कपेक्षा कमी वीज खाते. ज्या एसएमपीएसने चौदा वर्षं फिरती डिस्क ओढली तो हिला पुरणार नाही, हे ऐकून ती हसलीच.

जुन्या मशीनमुळे खरी अडचण येते अशाही जागा आहेत, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं. चिपसारखी लांबट एनव्हीएमई डिस्क कार्डावर बसवून लावली तर इतक्या जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) तिच्यावरून विंडोज सुरू करता येत नाही. ज्या बोर्डांत आयडीई आणि एएचसीआय दोन्ही असतात, त्यांचा बॅटरीचा सेल संपला की सेटिंग मूळपदावर जातं आणि चालू होतानाच ७बी नंबरचा निळा पडदा येतो. तो सेल म्हणजे सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. डेटा केबल सैल किंवा खराब असणं हे तर नेहमीचंच. पण या प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या.

मग तिने खुणा बघितल्या. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून असतं, तिथे प्रत्येक गडबडीची नोंद होते. केबल किंवा पोर्ट खराब असेल तर डिस्कच्या नावाने ११ नंबरच्या चुका दिसतात. माझ्याकडे ती एकही नव्हती. होत्या त्या एनटीएफएसच्या नावाने ५५ नंबरच्या, ओळीने. म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी बिघडलेली. पेन ड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम टाकून बघितलं. त्यात सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलमधून जाताना डेटा बिघडल्याचा, आकडा शून्य, म्हणजे केबलला पुन्हा निर्दोष प्रमाणपत्र. तब्येत १०० टक्के. मात्र तिथे दिसणारा सिरियल नंबर आणि डिस्कवरच्या स्टिकरवरचा नंबर जुळत नव्हता. रात्रभर मेमटेस्ट लावून रॅम तपासली, एकही चूक नाही. म्हणजे माझी आधीची रॅम बाद होती का, हे आता विचारायची सोय नाही. ती त्याने तेव्हाच ठेवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तिने एसएसडी काढली, नवी कामं जेवढी शाबूत होती तेवढी बाजूला घेतली, डिस्क कोरी केली आणि आपल्या लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडून एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम चालवला. तो डिस्क ठरावीक मजकुराने काठोकाठ भरतो आणि मग सगळं परत वाचून जुळवतो. चाचणी रात्रभर चालली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. निकाल असा, की ११८ जीबी बरोबर, बाकी आठशेवर जीबी डेटा गेलेला.

डिस्क १२८ जीबीची होती. तिच्या आतल्या प्रोग्रामला खोटं बोलायला शिकवलं होतं, की विचारलं की १ टीबी सांग. खरी जागा संपली की ती 'जागा नाही' असं म्हणत नव्हती. पुढचं लिखाण घेऊन पुन्हा पहिल्या पानावर लिहायला बसत होती. पहिल्या पानावर माझा सी ड्राइव्ह होता. शाळेच्या स्मरणिकेतले माजी मुख्याध्यापकांचे फोटो जाऊन विंडोजच्या फायलींवर बसत होते! म्हणून पहिले तीन आठवडे सगळं छान चाललं, आणि डीव्हीडी उतरवल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून उतरती कळा लागली. हे कळल्यावर तारखा तपासल्या, तंतोतंत जुळल्या.

मी रागाने डिस्कचा डबा उघडायला निघालो होतो. भाचीने थांबवलं. एक तर उघडली की दुकानदार म्हणणार, तुम्हीच बिघडवली. दुसरं, खऱ्या एसएसडीतही चिपांची पाटी छोटीच असते, डबा अर्धा रिकामाच असतो. बघून काही सिद्ध होत नाही, भरून परत वाचल्यावरच होतं. दुकानात दाखवतात ते आकारमान म्हणजे डिस्कचं स्वतःचंच तोंडी निवेदन.

जुनी हार्डडिस्क जोडून अत्यंत हळूहळू सगळा डेटा उतरवला. टकटक करत का होईना, तिने दिला. मधल्या महिन्याभराची चौदा कामं मात्र गेली, त्यातल्या सहा पत्रिका मी रात्री बसून पुन्हा टाइप केल्या. स्मरणिकेचे फोटो शाळेकडून दुसऱ्यांदा मागताना जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

नंतर पुण्याहून भाचीने पक्क्या बिलावर नावाजलेल्या कंपनीची २४० जीबीची एसएसडी पाठवली. आधी तीच चाचणी, मग क्लोन. त्याच बोर्डात, त्याच सॅटा टूवर, एएचसीआय नसतानाच ती चालते आहे. निळा पडदा एकदाही आलेला नाही.

चाचणीच्या निकालाची छापील प्रत घेऊन मी सांगलीला गेलो. पहिल्यांदा तो म्हणाला, असले प्रोग्राम काहीही दाखवतात. मी म्हटलं, मग तुमच्या मशीनवर चालव, मी बसतो. मग सूर बदलला, "आम्हाला वरून जसा माल येतो तसा आम्ही देतो काका." वरून म्हणजे कुठून, ते सांगेना. मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावायला फोन काढला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, हेही भाचीने लिहून दिलेलं वाचून दाखवलं. पण त्याला माझी दुखरी जागा माहीत होती. "बिल दाखवा," म्हणाला. कच्च्या पावतीवर ना दुकानाचं नाव होतं ना डिस्कचा नंबर. पैसे यूपीआयने दिले होते एवढाच काय तो पुरावा, तो दाखवल्यावर जरा नरमला. तासाभराच्या घासाघिशीनंतर २००० रुपये हातावर ठेवले. रॅम आणि एसएमपीएसचे दोन हजार बुडाले ते बुडालेच. डिस्क मात्र मी परत दिली नाही. दिली असती तर ती दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मशीनमध्ये बसली असती.

मी भांडत होतो तेवढ्या वेळात बाकावर एक मास्तर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. माझं संपल्यावर ते पुढे झाले आणि मी जिन्यात चपला घालत असताना आतून आवाज आला, "सर, एसएसडी नवीन आहे, लॅपटॉपच जुना आहे तुमचा." मी एक चप्पल हातात घेऊन पुन्हा वर गेलो आणि मास्तरांना म्हटलं, "सर, आधी तुमची जुनी डिस्क कुठाय ते विचारा."