जड ट्रेलरला ब्रेक कोणते? ड्रम की डिस्क?

इथे अमेरिकेत, डेन्व्हरकडे प्रत्येकी ३५०० पौंड पेलणाऱ्या दोन ॲक्सलवर जेमतेम तोललेले ट्रेलर पुष्कळ दिसतात. आमचाही तसाच होता. पाण्याची टाकी भरून सायकली चढवल्या की काट्यावरचा आकडा बघवत नसे. म्हणून ५२०० पौंडांचे ॲक्सल घातले, आणि त्यात फारसं डोकं चालवावं लागलं नाही. या ॲक्सलची नळी जाड येते म्हणून तिला स्प्रिंगशी आवळणारे यू-बोल्ट बदलले, चाकं पाचऐवजी सहा बोल्टांची घेतली, स्प्रिंगा आणि टायरही त्याच तोलाचे घेतले. एवढं करूनही ट्रेलरच्या पाटीवरची वजनमर्यादा वाढत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

अडलं ते ब्रेकपाशी. या ॲक्सलवर बारा इंची इलेक्ट्रिक ड्रम तयारच मिळतात. स्वस्त आहेत, दोन तारा जोडल्या की झालं. डिस्कसाठी ट्रेलरवर वेगळा हायड्रॉलिक पंप बसवावा लागतो आणि प्रत्येक चाकापर्यंत ब्रेक ऑइलची नळी न्यावी लागते. ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलरही त्याला चालणारा हवा. मला तिप्पट खर्च सांगितला, म्हणून आधी ड्रमच घेतले.

दुसऱ्या उन्हाळ्यात आयझेनहॉवर बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरत होतो. ब्रेक दाबला की ट्रेलर एका अंगाला ओढायचा. बायको काही बोलली नाही, पण तिने दाराची मूठ घट्ट धरली होती. घरी येऊन ड्रम काढले, तर उजवीकडचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, ग्रीसने माखलेले. ॲक्सलच्या टोकाला ग्रीस भरायची सोय असते. वसंतात मी तिथूनच ग्रीस गन मारली होती, आणि जास्तीचं ग्रीस मागच्या सीलमधून थेट ब्रेकवर गेलं होतं. शूवरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे लायनरमध्ये, ग्रीस मुरलं की ते धुऊन निघत नाही, शू बदलावेच लागतात.

पैसे गेले त्याचं फार नाही. ड्रमच्या आत काय चाललंय हे मला उतारावर कळलं, ते मात्र मनातून जात नाही. डिस्कचं सीलही गळू शकतं, पण तिथे टॉर्च घेऊन वाकलं की पॅड आणि डाग दोन्ही दिसतात. शिवाय ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, डिस्कचं तसं होत नाही. म्हणून शेवटी डिस्क बसवले. त्याच उतारावर आता ट्रेलर सरळ थांबतो. मोजून पाहिलेलं नाही, पण माझ्या पायाला फरक कळतो.

तुमचा प्रवास कॅन्ससच्या सपाटीवर, वर्षाकाठी दोनदाच होणार असेल तर ड्रम पुरतील असं मला वाटतं. फक्त गन न मारता दरवर्षी चाक काढून बेअरिंगमध्ये हाताने ग्रीस भरा, आणि शू दर ३००० मैलांवर ॲडजस्ट करा. डोंगरात जाणार असाल तर मी डिस्कसाठी थोडं थांबून पैसे जमवीन. पंप ट्रेलरच्या बॅटरीवर चालतो, तेव्हा निघण्याआधी तुटजोडीची (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची) पिन ओढून ब्रेक लागतो ना ते बघा. आम्ही दर सहलीला बघतो.