पाठीच्या कण्याचं मॉडेल, तीन महिने वापरून

फिजिओथेरपीच्या फर्स्ट इयरला आहे, ॲनाटॉमीसाठी ऑनलाइन कण्याचं फुल साइज मॉडेल मागवलं आणि पुस्तकातल्या चित्रांवरून जे महिनाभर डोक्यात शिरत नव्हतं ते हातात धरल्यावर दोन दिवसांत समजलं. मानेचे 7, छातीचे 12, कमरेचे 5 मणके, खाली त्रिकास्थी आणि माकडहाड, सगळं नीट मोजता येतं. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना छोटी भोकं असतात ना, त्यातून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी म्हणून लाल रबरी नळी ओवलीय, आणि ती सातव्या मणक्यातून न नेता बरोब्बर सहाव्यापासून वर नेलीय, हे बघून खूप बरं वाटलं.

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलेली दाखवलीय, तिला टेकून पिवळी नस. आईला सायटिका आहे, तिने त्या गादीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "एवढीशी गादी दाबते म्हणून पार अंगठ्यापर्यंत कळ जाते होय!"

पण एक मोठी चूक आहे, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्येही गादी चिकटवलीय. तिथे गादी नसतेच, मान डावी-उजवीकडे वळवायचं जवळजवळ अर्धं काम त्याच सांध्यात होतं! विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही. मी ब्लेडने ती हळूच काढून टाकली. स्टँडचा स्क्रूही सैल आहे, तेवढा घट्ट करून घ्या. तरी मी चार स्टार देईन.