शिंगातल्या शेणाची वाइन: नऊ महिने, दहा बाटल्या

ऑक्टोबरात म्युनिकच्या घरी बारा बाटल्यांचं खोकं आलं, त्यातल्या आता दोन उरल्यात. इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिण भागात व्हित्तोरिया म्हणून गाव आहे, तिथल्या एका कुटुंबाची ही घरची वाइन. नवरा-बायको, मुलगी आणि तोडणीपुरते येणारे चार नातेवाईक, एवढाच कारभार. नाव चेरासुओलो दी व्हित्तोरिया. नेरो दाव्होला ५० ते ७० टक्के आणि बाकी फ्राप्पातो, असं दोन द्राक्षांचं मिश्रण. इटलीतला सगळ्यात वरचा डीओसीजी दर्जा हिला २००५ साली मिळाला, आणि अख्ख्या सिसिलीत तो हिच्याशिवाय कुणाकडे नाही. मला बाटली १७ युरोला पडली.

खरं सांगू, घेतली ती शिंगासाठी. हे कुटुंब बायोडायनॅमिक शेती करतं, म्हणजे सेंद्रियच, पण चंद्र-ताऱ्यांचाही विचार करणारी. तीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात. मग बाहेर काढून थोडंसं पाण्यात टाकायचं, तासभर एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून ढवळायचं आणि बागेत शिंपडायचं. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली व्याख्यानांतून ही पद्धत मांडली. मी निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. शेण-गोमूत्राचं मला अप्रूप नाही, पण युरोपातली माणसं ते इतक्या गांभीर्याने करतात म्हटल्यावर गंमत वाटली. बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "डावण्याला काय मारतात?" डावण्या म्हणजे ओल्या पानांवर वाढणारी द्राक्षाची बुरशी. म्हटलं, मोरचूद-चुना चालतो, भुरी या दुसऱ्या बुरशीला गंधक. "मग आपलंच बोर्डो की रे!"

बाबांचा प्रश्न बरोबर जागी लागला होता. व्हित्तोरियात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कडक, कोरडा. द्राक्ष भरत असताना पानं सहसा ओली राहतच नाहीत, मग डावण्याला वाव कुठून मिळणार? आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी करून फुलोरा यावा आणि नेमका अवकाळी बरसावा. अशा वेळी शिंग पुरून बसलात तर घडांऐवजी नुसते देठ मोजाल. त्यामुळे या वाइनचं श्रेय मी निम्म्याहून जास्त तिथल्या उन्हाला देतो.

आता चव. उष्ण भागातली रेड वाइन म्हणजे दाट, गोडसर, डोक्यात जाणारी, अशी माझी समजूत होती. ही तशी अजिबात नाही. रंगच पातळ, चेरीचा. चेरासुओलो हे नाव तिथल्या बोलीतल्या चेरीवरूनच आलंय. अल्कोहोल १३ टक्के. वास करवंदाचा, आणि घोट गिळल्यावर मागे आमसुलासारखी आंबट रेघ राहते. तुरटपणा बेताचा. पहिली बाटली डिसेंबरात हीटर लावलेल्या खोलीत उघडली तेव्हा मात्र नुसता अल्कोहोल नाकात गेला आणि मी चिडलो. पुढची अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून काढली, तर वाइनच बदलली. रेड थंड करायची नाही, हा नियम या बाटलीपुरता विसरा.

तांबड्या रश्श्याबरोबर ती मेली. मिरचीपुढे कडू लागते, वर तिखटाची आग आणखी भडकते. भरल्या वांग्याबरोबर मात्र, दाण्याचं कूट आणि थोडं आमसूल असलं की, अशी जमते की बायकोने तेव्हापासून त्याच्यासोबत दुसरी वाइन उघडूच दिली नाही. वांगं आंबट-गोड करून खाणं सिसिलीतही घरोघर चालतं, म्हणजे आमचा काही शोध नाही.

चंद्राचीही एक भानगड आहे. बायोडायनॅमिकवाल्यांच्या पंचांगात चंद्र मेष, सिंह, धनू राशीत असला की 'फळाचा दिवस', आणि वाइन म्हणे त्याच दिवशी खुलते. त्यांच्या राशी आपल्या पंचांगाशी बऱ्याचशा जुळतात. मग काय, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघून आम्ही तीनदा प्रयोग केला. बायकोने मला दिवस कळू न देता बाटली ओतली. तीनपैकी दोनदा मी चुकलो. आजी असती तर म्हणाली असती, मुहूर्त बघून दारू पितोस होय रे!

एक बाटली वाया गेली. उघडताच ओल्या बारदानाचा वास. बुचाचा दोष, कुठल्याही वाइनला लागू शकतो. कळवल्यावर त्या कुटुंबाने बदली पाठवली, पण तीन आठवड्यांनी. 'हिने डोकं दुखत नाही' हे ऐकून घेणार असाल तर घेऊ नका. डोकेदुखीचं खापर सहसा वाइन टिकवणाऱ्या सल्फाइटवर फोडतात. युरोपात साध्या कोरड्या रेडमध्ये ते लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सेंद्रिय रेडमध्ये १००. फरक आहे, पण तीन ग्लास प्यायल्यावर माझं डोकं ठरल्याप्रमाणे दुखलंच. उलट, उघडलेली बाटली फार दिवस टिकत नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यात छान लागते. चौथ्या दिवशीची मी मटणात ओतली.

पुन्हा मागवीन, पण सहाच. त्या उरलेल्या दोनांतली एक दिवाळीत निफाडला न्यायचीय. बाबा तिच्यात बर्फ टाकणार हे मला आत्ताच माहीत आहे, आणि या वाइनला तरी मी त्यांना अडवणार नाही.