साइड इफेक्ट मोजताना: टक्केवारी, दर की कॅप्लन-मायर?

नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात कॅन्सर ट्रायलचा प्रोटोकॉल लिहायला बसलेल्या रेसिडेंटचा ठरलेला प्रश्न असतो: साइड इफेक्टसाठी साधी टक्केवारी चालेल का?

दोन्ही आर्मचे (म्हणजे तुलनेच्या गटांचे) रुग्ण सारखाच काळ औषधावर राहणार असतील, म्हणजे ठरावीक सहा सायकलींची केमो, तर खुशाल चालेल. औषध आजार वाढेपर्यंत द्यायचं असलं की पंचाईत होते. समजा, जुन्या औषधावर १०० पैकी ३० जणांना अतिसार झाला, नव्यावर ४५ जणांना. नवं औषध वाईट वाटतं. पण त्रास होईपर्यंतचा किंवा औषध थांबेपर्यंतचा काळ सगळ्यांचा मिळून जुन्यात २५ रुग्ण-वर्षं भरला आणि नव्यात ७५, तर दर, म्हणजे एका रुग्ण-वर्षामागे किती जणांना त्रास झाला, १.२ विरुद्ध ०.६. निकाल उलटा!

म्हणून लगेच दराच्या प्रेमात पडू नका. तो धोका कायम सारखाच आहे असं धरून चालतो. केमोची मळमळ पहिल्या दिवसांतच गाठते, इम्युनोथेरपीतला थायरॉइडचा बिघाड काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उगवतो. दोन्ही एका सरासरीत कोंबून काय कळणार?

कॅप्लन-मायर (१९५८) ही पद्धत वेळेचा हिशेब ठेवते, पण मृत्यूला नुसतं सेन्सर करते, म्हणजे त्या रुग्णाची माहिती तिथेच तुटली असं धरते. जणू गेलेल्या माणसालाही पुढे अतिसार होऊ शकला असता. त्यामुळे आकडा फुगतो. ऑलेन-योहान्सेन (१९७८) ही पद्धत मृत्यूला स्पर्धक घटना मानते, म्हणजे तो झाला की पुढे अतिसार होणं शक्यच नाही. काळ असमान असेल तर माझं मत यालाच. आर (R) या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजमध्ये ते होतं, वेगळा खर्च नाही. मात्र बालाघाट-गडचिरोलीचा रुग्ण फॉलो-अपला येणं का थांबला, हे फोन करून विचारावंच लागतं. तो त्रासामुळेच थांबला असेल, तर कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

या सगळ्या पद्धती पहिली घटना मोजतात. गोळी रोज घ्यायची असेल तर ते अपुरं आहे. दोन दिवसांचा ग्रेड ३ (तीव्र) अतिसार फक्त ग्रेड ३ आणि वरचे त्रास दाखवणाऱ्या तक्त्यात ठळक दिसतो. सहा महिने रोज पाच-सहा वेळा जावं लागणारा ग्रेड २ (मध्यम) चा माणूस, नागपूरच्या मे महिन्यात, त्या तक्त्यात येतच नाही. तिथे ग्रेड आणि दिवस यांचा आलेख काढून त्याखालचं क्षेत्रफळ मोजा, आणि रुग्णाने स्वतः भरायची प्रो-सीटीसीएई प्रश्नावली जोडा. त्यासाठी फॉर्ममध्ये प्रत्येक त्रासाची सुरुवात, ग्रेड बदलल्याची आणि थांबल्याची तारीख असे रकाने पहिल्या रुग्णाआधीच हवेत.